घरी क्रिप्टो मायनिंग: ठाणे–नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न, वीजबिलासकट

मी नेरूळला राहतो, नोकरी ऐरोलीला. २०२१ मध्ये एक जुनं मायनिंग मशीन घरात आणलं आणि तेव्हापासून ठाणे–नेरूळ लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर, एकदा तर चुलतबहिणीच्या लग्नाच्या पंगतीतही, लोक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत आले, साधारण त्याच शब्दांत ठेवले आहेत.

मायनिंग म्हणजे नक्की करतात काय?

सिडकोची सोडत डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे दर दहा मिनिटांनी सोडत निघते, घर एकच असतं आणि एका माणसाने कितीही अर्ज भरावेत, बंदी नाही. अर्जाला अनामत लागत नाही, वीज लागते.

बिटकॉइनचे ताजे व्यवहार गोळा करून त्यांचा एक गठ्ठा बनवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यात एक आकडा घालायचा आणि सगळं एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढायचं. जे उत्तर येईल ते नेटवर्कने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल तर ब्लॉक तुमचा. नसेल तर आकडा बदला, पुन्हा काढा. ‘अवघड गणितं सोडवतात’ असं पेपरात छापून येतं, ते खरं नाही. गणित सोपं आहे, उत्तर मात्र आधी सांगता येत नाही, म्हणून अंदाजामागून अंदाज टाकत बसायचं. एक अंदाज म्हणजे एक हॅश.

ज्याचा ब्लॉक लागतो त्याला सध्या ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांचं शुल्क मिळतं. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला तेव्हा बक्षीस ५० होतं. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मं होतं. २०१२, २०१६, २०२० आणि शेवटचं एप्रिल २०२४. पुढचं २०२८ च्या आसपास.

यातली खरी मेख पुढे आहे. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क अडचणीची पातळी बदलतं. जगात मशीन वाढल्या तर मर्यादा आणखी कडक होते, म्हणजे ब्लॉक पुन्हा दहा मिनिटांनाच एक. अर्ज दुप्पट आले म्हणून सिडको घरं दुप्पट काढत नाही, तसंच.

माझ्याकडे चांगला लॅपटॉप आहे. त्यावर बिटकॉइन निघेल का?

नाही. २००९ मध्ये निघालं असतं.

मग कोणतं मशीन लागतं?

एसिक. फक्त एसएचए-२५६ काढण्यासाठीच बनवलेली चिप. त्यावर गेम चालत नाही, एक्सेल चालत नाही, दुसरं काहीच होत नाही. अँटमायनर नावाच्या मशीनचं एस९ मॉडेल २०१६ मध्ये आलं, सेकंदाला साडेतेरा टेराहॅश, साधारण १,३०० वॉट. एस१९ आलं, ९५ टेराहॅश आणि ३,२५० वॉट. मग एस२१, २०० टेराहॅश आणि ३,५०० वॉट. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अंदाज. ऐकायला अफाट वाटतं. पण २०२५ मध्ये सगळ्या जगाच्या मशीन मिळून सेकंदाला १,००० एक्साहॅशच्या पुढे गेल्या. हा आकडा एकावर एकवीस शून्यांचा आहे.

कोणतं मशीन घेऊ, हा मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. माझं उत्तर नेहमी एकच: आधी तुमचं वीजबिल दाखवा.

बरं, हिशेब करून दाखवा.

करू. पेन घ्या.

दिवसाला १४४ ब्लॉक, प्रत्येकी ३.१२५, म्हणजे सगळ्या जगाला मिळून रोज ४५० बिटकॉइन. तुमच्याकडे एस२१, २०० टेराहॅश. जगाकडे १,००० एक्साहॅश धरू. तुमचा वाटा पन्नास लाखांत एक. ४५० ला ५० लाखांनी भागा, रोजचे ०.००००९ बिटकॉइन. पूलचं (म्हणजे मिळून मायनिंग करणाऱ्या गटाचं) शुल्क आणि मशीन बंद पडण्याचे तास मी सोडून दिलेत, म्हणजे आकडा तुमच्या बाजूने झुकवला आहे.

आता वीज. साडेतीन किलोवॉट गुणिले २४ तास, रोज ८४ युनिट. युनिट १५ रुपयांनी धरलं तर रोज १,२६०, महिन्याला ३७,८०० रुपये.

१,२६० ला ०.००००९ ने भागा. १ कोटी ४० लाख. म्हणजे एका बिटकॉइनचा भाव १ कोटी ४० लाख असेल तेव्हा फक्त वीजबिल निघेल. मशीनची किंमत वेगळी, कर वेगळा. जुनं एस१९ घेतलंत तर हाच आकडा २ कोटी ७० लाखांच्या पुढे जातो. ‘जुनं मशीन स्वस्तात मिळतंय’ असं कुणी सांगितलं की हे लक्षात ठेवा. ते स्वस्त मिळतंय कारण ज्याच्याकडे होतं त्यालाही परवडेना.

आजचा भाव कुठल्याही एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या संकेतस्थळावर, दिसेल. नेटवर्कचा हॅशरेट, म्हणजे सगळ्या जगाचे सेकंदाचे अंदाज, तोही रोज दिसतो. दोन्ही आकडे ताजे घालून ही बेरीज स्वतः करा. दुसऱ्याने करून दिलेली, विशेषतः मशीन विकणाऱ्याने करून दिलेली, घेऊ नका. त्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये वीज सहसा पाच-सहा सेंटची घातलेली असते, म्हणजे चार-पाच रुपये. नेरूळला त्या दराने वीज कोण देतंय?

पण माझं बिल युनिटला सरासरी आठ-नऊ रुपयेच पडतं. तुम्ही १५ का धरता?

हा प्रश्न विचारणारे हिशेबी असतात, तरी इथे हमखास चुकतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. स्वस्त टप्पे तुमचा फ्रिज, पंखे आणि वॉशिंग मशीनच खाऊन टाकतात. मायनिंगच्या वाट्याला येतो तो वरचाच टप्पा. महिन्याला अडीच हजार युनिट वाढली तर ती जवळपास सगळीच ५०० च्या वर. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बिलाची मागची बाजू वाचा, सरासरी काढू नका. १५ हा मी हात आखडून धरलेला आकडा आहे.

कळवा, मुंब्रा, शीळ भागात बिल टोरंटचं येतं म्हणून काही जण विचारतात. बिल कुणीही देवो, दर वीज नियामक आयोगाने ठरवलेलाच लागतो.

स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा सवलत मिळते, तीही विचारून झाली. ती मिळते, पण युनिटमागे रुपयाभराचीच. पंधराचे चौदा झाले तरी वरच्या भागाकारात फारसा फरक पडत नाही.

तुम्ही स्वतः तर केलं होतं ना? मग आम्हालाच का नाही म्हणता?

केलं होतं म्हणूनच.

२०२१ च्या मध्यावर चीनने मायनिंग बंद केलं आणि तिथली जुनी मशीन जगभर विकायला निघाली. त्यातलं एक एस९ फिरत फिरत माझ्याकडे आलं. बुटांच्या खोक्याएवढं, पण उचललं तर पाटा उचलल्यासारखं जड, दोन्ही टोकांना पंखे. हॉलला लागून असलेल्या बाल्कनीत ठेवलं. काळ चांगला होता, याहून चांगला क्वचितच आला असेल: भाव ४५ लाखांच्या घरात आणि नेटवर्क आजच्या सातव्या हिश्श्याइतकं. ऑक्टोबरमध्ये सव्वीस दिवस चाललं आणि साडेनऊ हजारांच्या आसपास बिटकॉइन जमलं. मी घरात पेढे वाटायच्या बेतात होतो.

मग बिल आलं. एरवी सोळाशेच्या आसपास येणारं बिल तेरा हजारांच्या पुढे. बायकोने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि दोन महिने काढू दिलं नाही.

पण ते साडेनऊ हजारांचं बिटकॉइन ठेवून दिलं असतं तर आज किती झालं असतं!

हेच मीही स्वतःला सांगत होतो. मग एका रविवारी भागाकार केला. मशीनमुळे बिल जवळजवळ पावणेबारा हजारांनी वाढलं होतं. सव्वीस दिवसांत हाती आलं ०.००२१ बिटकॉइन. तेच पावणेबारा हजार त्या महिन्यात एक्सचेंजवर नेऊन सरळ बिटकॉइन घेतलं असतं तर ०.००२६ मिळालं असतं. आवाज नाही, उष्णता नाही, मशीनचे पैसे नाहीत.

भाव पुढे वाढेल असा तुमचा विश्वास असेल तर तो खरेदीच्या बाजूने जातो, मायनिंगच्या नाही. मायनिंगचा अर्थ तेव्हाच, जेव्हा विजेच्या पैशांत बाजारातल्यापेक्षा जास्त नाणी पदरात पडतात. घेऊ नका किंवा घ्या असं मी सांगत नाही, तो तुमचा प्रश्न. पण या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

वायरिंगचं काय? एसीचा पॉइंट आहे, त्यावर चालेल का?

माझं एस९ मी सुरुवातीला एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं होतं. सहाव्या दिवशी बाल्कनीतून गरम प्लॅस्टिकचा वास यायला लागला. बोर्डाची वायर हाताला मऊ लागत होती, भर उन्हात राहिलेल्या चपलेसारखी. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड हातात घेतला, मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, किती वॉट?” तेराशे सांगितलं. “गिझर दोन हजारचा असतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. हे कधी बंद होणार?”

सगळं उत्तर त्यात आलं. घरातलं वायरिंग थोडा वेळ जड भार झेलायला केलेलं असतं. एस२१ साडेतीन हजार वॉट खातं, म्हणजे १५ अँपिअर, रात्रंदिवस. १६ अँपिअरच्या सॉकेटला सतत १५ वर ठेवणं म्हणजे कोळशावर पातेलं विसरणं. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग, एवढं किमान हवं. सिडकोच्या जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं, ते आधी तपासून घ्या. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तोही पाहा. एसी, गिझर आणि मशीन एकाच वेळी चालले तर तो ओलांडला जाईल आणि भारवाढीचा अर्ज करावा लागेल.

गरम किती होतं? एसी लावला तर?

मशीनमध्ये जाणारी सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो. एस२१ बरोबर तेवढीच सोडतं. म्हणजे एक टनाचा एसी अखंड चालवलात तर खोली आधी होती तेवढीच गरम राहील, थंड होणार नाही. आणि त्या एसीचं बिल वेगळं.

कॅनडात लोक याच हवेने घर तापवतात. आपल्याकडे ऑक्टोबर हीट फुकट मिळते.

आवाज?

एस९, एस१९ या जातीची मशीन ७५ डेसिबलच्या आसपास ओरडतात. निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. डेसिबलचं मोजमाप चढत्या पटीचं असल्याने ७५ हे ४५ च्या पावणेदोन पट नाही, कित्येक पट आहे. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि फार सभ्यपणे विचारलं, “अरे, तुमचा मिक्सर रात्रभर चालू राहिला का?” सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जायच्या आधी मी पंख्यांचा वेग कमी केला. मशीन तापून बंद पडायला लागलं. यातून सुटका नाही, पंखा आणि उष्णता एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

पावसाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

खाडीजवळ राहणाऱ्यांनी हे मनावर घ्या. पाम बीचच्या पट्ट्यात, कोपरखैरणे-वाशीकडे, ठाण्यात कोलशेत-बाळकुमच्या बाजूला हवेत ओल आणि खार दोन्ही असतात. मशीन मिनिटाला खोलीभर हवा ओढतं, त्यामुळे ती ओल आणि रस्त्याची धूळ हीटसिंकवर चिकटते. माझ्या एस९ च्या तीन हॅशबोर्डांपैकी (चिप बसवलेल्या पट्ट्यांपैकी) एक जुलैत गेला. उघडलं तर कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर होता. चालू मशीन कोरडं राहतं, बंद पडलेलं मशीन ओल धरतं. म्हणून पावसाळ्यात चार दिवस बंद ठेवून पुन्हा लावताना आधी ड्रायरची कोमट हवा द्या. कोमट, कढत नाही.

ग्राफिक्स कार्डवर इथेरियम काढतात ना?

काढायचे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, त्या दिवसाला ‘मर्ज’ म्हणतात. आता तिथे नाणी गहाण ठेवून व्यवहार तपासले जातात, कार्डांचं कामच उरलं नाही. त्यानंतर काही महिने मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वापरलेली कार्डं ढिगाने आली होती. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशी नाणी अजून कार्डावर निघतात, पण आपल्या वीजदरात कमाई विजेला पुरत नाही.

प्रोसेसरवर मोनेरो निघतो. त्याचं रँडमएक्स सूत्र मुद्दाम असं केलंय की एसिकला फायदा होऊ नये. मी घरच्या पीसीवर महिनाभर करून पाहिलं. शिकायला उत्तम, पण विजेच्या निम्मेही निघाले नाहीत. शिवाय मोनेरो विकायचा कुठे हा प्रश्न राहतोच. बायनान्स या मोठ्या एक्सचेंजने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून टाकला. आणखी एक: मायनिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचा अँटिव्हायरस पकडतो. तो चुकत नसतो, कारण चोरून दुसऱ्याच्या मशीनवर हेच सॉफ्टवेअर टाकणारे भरपूर आहेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर चुकूनही टाकू नका, नोकरी जाईल.

सोलर लावलं तर वीज फुकटच ना?

आपल्या हवेत एक किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. एका एस२१ ला ८४ युनिट लागतात, म्हणजे २१ किलोवॉट, साधारण दोन हजार चौरस फूट गच्ची. आमच्या सोसायटीची सगळी गच्ची गेली असती. पीएम सूर्यघर योजनेत घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं, तेही तीन किलोवॉटच्या हिशेबाने. आणि ती वीज फुकट नसते: नेट मीटर असेल तर तेच युनिट तुमच्या बिलातून वजा झालं असतं. जे वाचलं असतं, ती त्याची किंमत. बदलापूरकडे स्वतःचा बंगला आहे, पॅनल लावून झालेत आणि वर्षाअखेर युनिटं उरतात, अशा एखाद्याचा हिशेब वेगळा निघू शकेल. फ्लॅटवाल्यांचा नाही.

महापे-रबाळेला एमआयडीसीत गाळा घेऊन केलं तर? तिथे डेटा सेंटर चालतातच की.

औद्योगिक दर घरगुतीच्या वरच्या टप्प्यापेक्षा कमी असतो, हे खरं. पण स्पर्धा टेक्साससारख्या ठिकाणच्या शेडशी आहे, जिथे वीज याच्याही कितीतरी खाली मिळते. डेटा सेंटर विजेच्या वर भाडं आकारतं. मायनरला ग्राहकच नसतो, त्यामुळे वीज महागली म्हणून भाव वाढवता येत नाही. गाळ्याचं भाडं धरून वरचा भागाकार पुन्हा करा.

सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतली तर?

एकाने खरंच विचारलं होतं. मीटर चुकवून वीज घेणं म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. घरगुती जोडणीवर रांगेने मशीन लावून धंदा केलात तर कलम १२६, आणि दुप्पट दराने वसुली. भरारी पथकाला मशीन शोधावं लागत नाही, बाराशे-पंधराशे युनिटांची एकदम उडी त्यांना कागदावरच दिसते. जिन्यातल्या दिव्याच्या मीटरवर लावलंत तर पथक येण्याआधी सेक्रेटरीच येईल.

हे कायदेशीर आहे का?

घरी मायनिंग करायला भारतात बंदी नाही, परवानाही लागत नाही. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण क्रिप्टो हे चलन नाही आणि कर चुकत नाही. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर चार टक्के सेस, म्हणजे ३१.२. जुन्या कायद्यातलं ते कलम ११५बीबीएच. नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले, दर तोच. शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो रिटर्नमध्ये दाखवून वळता करून घ्यायचा.

मायनरच्या वर्मी बसणारी गोष्ट पुढची. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते आणि मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च ही खरेदीची किंमत नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. म्हणजे मशीन आणि वीज दोन्ही तुमच्या खिशातून, आणि विकलेल्या पूर्ण रकमेवर ३१.२ टक्के. वरचा १ कोटी ४० लाखांचा आकडा आठवा, कर धरला की तो २ कोटी ३ लाख होतो. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजाही होत नाही. नाणं हातात आलं तेव्हा काय दाखवायचं आणि विकलं तेव्हा काय, हे क्रिप्टो कळणाऱ्या सीएला विचारा. दर वेळी मिळालेल्या नाण्यांची तारीख आणि त्या दिवसाचा भाव एका वहीत लिहीत चला, सीए पहिल्यांदा तेच मागेल.

विकताना एफआययूकडे (सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेलं एक्सचेंज वापरा. टेलिग्रामवर भेटलेल्या माणसाला यूपीआयने विकू नका. त्याने पाठवलेले पैसे कुणाच्या फसवणुकीचे निघाले तर सायबर तक्रारीत तुमचं खातं गोठतं आणि मग बँकेच्या चकरा.

क्लाऊड मायनिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमध्ये पैसे गुंतवले की, महिना अमुक टक्के देतात. मशीनच नको.

जो महिन्याला ठरलेले टक्के देतो तो मायनिंग करत नाही. बक्षीस, अडचण, भाव, तिन्ही रोज हलतात. टक्के ठरवून कसे देणार? गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने महिना १० टक्के, १८ महिने, असंच सांगितलं होतं. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. आपल्याकडच्या किती जणांनी त्यात पीएफचे पैसे घातले होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. चोवीस तासांनी एकदा बटण दाबा आणि मोबाइलवर नाणी काढा, हेही मायनिंग नाही. गूगलने मोबाइलवर मायनिंग करणारी ॲप २०१८ मध्येच बंद केली. फसलात तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मग घरी करायचंच नाही का?

करा, पण सतरा वॉटचं. बिटॲक्स नावाचं छोटं ओपन सोर्स यंत्र आहे, तळहातावर मावतं. एकच एसिक चिप, एक पंखा, नखाएवढा स्क्रीन. सेकंदाला साधारण १.२ टेराहॅश, म्हणजे अशी अकराबारा मिळून माझं जुनं एस९. महिन्याला बारा युनिट, १५ च्या दराने १८० रुपये. आवाज टेबलफॅनपेक्षा कमी, वायफायवर चालतं. माझ्याकडे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. आईने त्याला एकदा हळदकुंकूही लावलं होतं.

आधी वॉलेट करा, म्हणजे नाण्यांच्या किल्ल्या तुमच्याच ताब्यात ठेवणारं ॲप. एक्सचेंजवरचं खातं म्हणजे तुमचं वॉलेट नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली तेव्हा कित्येकांना हा फरक कळला. वॉलेट बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द देतं, ते कागदावर लिहा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. हे शब्द ज्याच्याकडे, नाणी त्याची. कस्टमर केअर ते कधीच विचारत नाही.

मग बिटॲक्स चालू करा. ते स्वतःचं वायफाय दाखवतं. मोबाइल त्याला जोडा, समोर येणाऱ्या पानावर घरच्या वायफायचं नाव, पूलचा पत्ता आणि तुमचा बिटकॉइनचा पत्ता भरा. घरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं द्या, पाचचं त्याला दिसत नाही. माझे दोन तास यातच गेले.

पूल म्हणजे सोडतीत मिळून अर्ज भरणारी भिशी: लागलं की ज्याने जितके हॅश दिले तितका वाटा. इतक्या लहान यंत्राला वाटा पैशांत येतो आणि पैसे काढायची किमान मर्यादा गाठायला वर्षं जातात. म्हणून बहुतेक लोक सोलो, म्हणजे एकट्याने, ठेवतात. सीकेपूल नावाच्या सोलो मायनिंगच्या सेवेवर एकट्याने लागलं तर २ टक्के त्यांचे, उरलेलं सगळं तुमचं.

आणि एकट्याला लागायला किती दिवस?

सरासरी सोळा हजार वर्षं. वर्षाला ५२,५६० ब्लॉक आणि तुमचा वाटा ८३ कोटींत एक, भागून बघा. कुणाला उद्याही लागू शकतो, पण त्यावर कर्ज काढू नका. स्क्रीनवर ‘बेस्ट डिफिकल्टी’ दिसते, म्हणजे आतापर्यंतचा तुमचा सगळ्यांत जवळचा अंदाज. आठ महिन्यांत माझा सहा अब्जांवर पोचलाय. लागतो शंभर लाख कोटींच्या पुढचा. सतरा हजार पट मागे आहे, तरी सकाळी चहा घेताना तो आकडा वाढला का ते मी बघतोच.

वायफाय गेलं, लाइट गेली तर?

काही बिघडत नाही. प्रत्येक अंदाज स्वतंत्र असतो, आधीचं काही वाया जात नाही. लाइट आली की आपोआप सुरू होतं. डेटा नगण्य. इन्व्हर्टरवर ठेवू नका.

तुमचं जुनं एस९ विकणार आहात का?

विकलं नाही, उलगडलं. हॅशबोर्ड ई-कचरावाल्याला दिले, ॲल्युमिनियम भंगारात गेलं. पंखे मात्र दोन्ही ठणठणीत निघाले, बारा व्होल्टचे आहेत. एक बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरवर लावून बाल्कनीत दोरीखाली ठेवलाय. जुलैत जीन्स एका दुपारीत वाळते. त्या बाल्कनीत सव्वीस दिवस जे चाललं होतं त्यातलं एवढंच काम बायकोने आजवर मान्य केलं आहे.